अल्फा कणाला राग येत नाही

मी एक जुनी ढगपेटी आहे, मित्रांनो, आणि मला एकदा असा धक्का बसला की त्यातून मी अजून सावरलेली नाही. धक्का म्हणजे कोणी ढकललं किंवा टेबलावरून खाली पडले, तसला नव्हे. तसले मी पुष्कळ पचवले. हा एका घडी घातलेल्या कागदाचा धक्का होता. पण एकदम तिथे गेले तर तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

जन्माने मी माशांची पेटी. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत खिडकीशी माझी जागा होती आणि माझ्यात दोन मासे होते. एका लांब सुट्टीत त्यांना खायला कोणी घालायचं यावरून शिपाई आणि कारकून यांच्यात घोळ झाला. शिपायाला वाटलं कारकून घालतोय, कारकुनाला वाटलं शिपाई. सुट्टी संपली तेव्हा मासे संपले होते. मला घासूनपुसून बाहेर ठेवलं. मी भंगारातच जायची, पण प्रयोगशाळा सांभाळणारे काका तिथून चालले होते. त्यांनी माझ्या काचेवर टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही माझी."

काकांनी मला उलटी केली. मी डोक्यावर उभी राहिले ती कायमचीच. माझा जुना तळ आता छत झाला. त्याला आतून जाड लोकरी कापडाची पट्टी चिकटवली. खाली काळा रंग दिलेला धातूचा पत्रा बसवला. प्रयोगाच्या दिवशी काका त्या पट्टीला स्पिरिट पाजायचे आणि पत्र्याखाली कोरड्या बर्फाचे तुकडे रचायचे. हा बर्फ ते स्कूटरवरून आइस्क्रीमच्या कारखान्यातून आणत. तो इतका थंड असतो की हातमोज्याशिवाय धरला तर कातडी भाजते. वरून स्पिरिटची वाफ खाली उतरायची, खालून कडाका वर चढायचा, आणि मधे अगदी पातळ धुकं जमायचं. त्या धुक्यातून एखादा कण गेला की त्याच्या मागे पांढरी रेघ उमटायची. आकाशात उंचावरचं विमान दिसत नाही, पण त्याने मागे सोडलेली रेघ दिसते ना, तसंच. कण दिसत नाही, त्याची वाट दिसते.

पहिल्या दिवशी पाऊण तास काहीच दिसलं नाही. पडदे ओढलेले, चाळीस मुलं माझ्याभोवती दाटीवाटीने उभी. कोणी जांभई दिली, कोणी कोणाला चिमटा काढला. काका घामाघूम झाले. फक्त विज्ञानाच्या बाई शांत होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "आपल्याला दिसत नाही म्हणजे तिथे नाही असं थोडंच असतं?" आणि तेवढ्यात माझ्या पोटातून एक लांब, सरळ रेघ सर्रकन गेली. मग दुसरी. मग तिसरी, वाकडीतिकडी. मुलांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खडू हातात घेऊनच धावत आले.

त्या दिवसापासून दर गुरुवारी मी कपाटातून खाली उतरायची.

बाईंबद्दल सांगायलाच हवं. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि धीर असा की एकच गोष्ट सात वेळा सांगतील आणि आठव्यांदा विचारणाऱ्याला म्हणतील, "बरं झालं विचारलंस." पण धीराने सगळं जमत नाही. मुलं प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन पाठ करायची आणि सोमवारपर्यंत विसरायची. बाई वेगवेगळे उपाय करत राहिल्या. शेवटी त्यांना एक युक्ती सापडली. त्यांनी प्रत्येक कणाला स्वभाव दिला.

दोन प्रोटॉन म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा, कधी जवळ उभ्या राहायच्या नाहीत. न्यूट्रॉन म्हणजे घरातले आजोबा, कोणाचीच बाजू घेत नाहीत पण त्यांच्यामुळे घर टिकतं. इलेक्ट्रॉन घाबरट, म्हणून त्याची वाट बारीक आणि वेडीवाकडी. आकाशातून येणारा म्युऑन घमेंडखोर, नाकासमोर चालतो, कोणाकडे ढुंकून बघत नाही. आणि अल्फा कण? तो रागीट. जाडजूड रेघ, आखूड वाट. काका चिमट्याने एका डबीतून जुन्या गॅसबत्तीच्या जाळीचा तुकडा काढून माझ्यात ठेवायचे. त्या जाळीत थोरियम असायचं, आणि त्यातून अल्फा कण टप्प टप्प बाहेर पडायचे.

मुलं खूश झाली. पाठांतर संपलं, भांडणं आठवली की धडा आठवायचा. वर्गात त्याचं नाटक बसलं. पाहुणे येऊन बघून गेले, बाईंचं कौतुक झालं, आणि माझंही. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मी जरा तिरपी आले होते, पण आले होते.

मला मात्र तेव्हाच पहिला हादरा बसला होता. हे सगळे कण माझ्या पोटातून जायचे. मी त्यांच्या इतकी जवळ होते जितकं जवळ कोणीच नव्हतं. आणि मला कधी कोणाचा राग जाणवला नाही, भीती नाही, घमेंड तर नाहीच. जाणवायला तिथे काही नव्हतंच. ते जायचे, एवढंच. काकांनाही बाईंचं हे स्वभाव देणं पटायचं नाही.

"बाई, त्याला राग येतो म्हणता," काका परीक्षानळ्या विसळता विसळता म्हणायचे, "तो येतो कुठून? त्याला नाक आहे का शेंडा लाल व्हायला?"

"काका, मुलांच्या लक्षात राहतं हो."

"लक्षात राहतं ते बरोबर. पण काय लक्षात राहतं?"

"तुम्ही ना, नळ्या फोडा आता," बाई हसून म्हणायच्या. आणि काका खरंच एखादी फोडायचे.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती चणीने लहान होती आणि सतत काहीतरी वाहून नेत असायची, कधी वह्यांचा गठ्ठा, कधी पाण्याची बाटली, कधी दुसऱ्याचं दप्तर. तिला दमा होता. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात निळा पंप असायचा. छाती भरून आली की ती कोपऱ्यात जाऊन तो दोनदा ओढायची आणि कोणी बघितलं नाही असं धरून परत येऊन बसायची. तिची आई रुग्णालयात परिचारिका. वडील काचवाले, खिडक्यांना, कपाटांना काचा बसवणारे. शाळेच्या सगळ्या फुटलेल्या काचा त्यांनीच बसवल्या होत्या.

घरात रोज भांडण व्हायचं, हे मला मुंगीनेच सांगितलं. मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून डबा खायची आणि माझ्याशी बोलायची. मी कपाटातल्या काचेआड, ती बाहेर. "काल परत," एवढंच म्हणायची कधी. कधी सविस्तर. आईची रात्रपाळी आणि बाबांचं दूरचं काम एकाच दिवशी आलं की मुंगीजवळ कोण थांबणार यावरून सुरुवात व्हायची. मग मागच्या वेळी कोण थांबलं होतं, औषध कोण विसरलं होतं, डॉक्टरांकडे कोण गेलं होतं. "सगळं माझ्याशीच येऊन थांबतं," ती एकदा म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

आता तो गुरुवार. धडा होता थोरियमचा. बाई रंगात आल्या होत्या.

"थोरियमचा गाभा म्हणजे एका खोलीत दोनशे बत्तीस माणसं," बाई म्हणाल्या, "विचार करा! जावा-जावांची तोंडं वाकडी, आजोबा समजूत घालून थकलेले. कुरबुर, धुसफूस. शेवटी एक दिवस चौघं जण उठतात. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, हातात हात धरून. चारच बरं का, तीन नाही, पाच नाही. हाच आपला अल्फा. तो रागारागाने घर सोडतो. आणि मग घर शांत होतं."

मुलं हसली. मुंगीने हात वर केला.

"बाई, जो जातो तो सगळ्यांत वाईट असतो का?"

 बाईंना वाटलं, पोरीला अल्फाची दया आली. त्यांनी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "छे गं. तो तर सगळ्यांत शहाणा. बाकीच्यांना सुख लागावं म्हणून तोच बाहेर पडतो."

मुंगीने ते वहीत लिहून घेतलं. मी पाहिलं. पेन्सिल दाबून लिहिलं.

घंटा झाली, मुलं गेली. काका बर्फाचे उरलेले तुकडे गोळा करत होते. मुंगी मागे रेंगाळली.

"काका, बाहेर पडल्यावर तो कुठे जातो?"

"चार-पाच सेंटिमीटर. मग थांबतो."

"मग?"

"मग त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळतात. त्याचा हेलियम होतो. हलका वायू, फुग्यात भरतात तो. वर जातो."

"म्हणजे त्याला वर दुसरं घर मिळतं?"

काकांचं लक्ष नव्हतं. बर्फाचा एक तुकडा निसटून माझ्या बाजूच्या काचेला टेकला होता आणि काचेतून कट् असा आवाज आला होता. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत तडा गेला. "अरे देवा!" काका म्हणाले. आणि मुंगीला म्हणाले, "हं, हं, तसंच समज."

बघा मित्रांनो. ज्या माणसाने जन्मभर कणाला नाक नाही म्हणून सांगितलं, त्यानेच त्याला घर देऊन टाकलं. तडा माझ्या काचेला गेला म्हणून सगळे हळहळले. दुसरा तडा कोणाला ऐकू आला नाही.

तडा गेल्यामुळे मला कपाटात ठेवलं नाही. मी टेबलावरच राहिले, काचवाल्याची वाट पाहत. मंगळवारी सकाळी, पहिल्या घंटेच्या आधी, मुंगी एकटीच प्रयोगशाळेत आली. पाठीवर नेहमीचं दप्तर नव्हतं. हातात कापडी पिशवी होती. तिने ती माझ्यासमोर रिकामी केली आणि मोजली. दोन फ्रॉक. दोन पुस्तकं. परत भरली. मग खिशातून निळा पंप काढला. तो पिशवीत टाकला, बाहेर काढला, परत टाकला, परत काढला. मोजत होती ती. पाच होत होते.

तिने पंप माझ्या मागे ठेवला. एक कागद चौघडी करून माझ्या काळ्या पत्र्याखाली सरकवला. आणि माझ्या तडा गेलेल्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "गुरुवारी बाई बघतीलच. तोपर्यंत घर शांत झालेलं असेल."

आणि ती गेली.

माणसांना असं झालं की तुम्ही म्हणता, हातपाय गळाले. मला हातपाय नाहीत. तुम्ही म्हणता, तोंडचं पाणी पळालं. मला तोंड नाही. मला ओरडायचं होतं आणि मी काच होते. घंटा झाली. हजेरी झाली. शेजारच्या वर्गातून बाईंचा आवाज आला, "मुंगी नाही आली? बरं नसेल." आणि धडा सुरू झाला. पंप माझ्या मागे निळाशार पडून होता. एक-दोन वेळा काका आत आले, हात पुसायचं फडकं घेऊन गेले. माझ्या मागे त्यांनी पाहिलं नाही.

साडेनऊला काचवाला आला. हातात कापलेली नवी काच, कानावर पेन्सिल, खांद्याला मोजपट्टी. काकांनीच त्याला बोलावलं होतं. त्याने माझ्या तड्यावरून अंगठा फिरवला. "थंडीने गेलीय," म्हणाला. मग मला दोन्ही हातांनी उचलली.

पत्रा टेबलावरच राहिला, पण सरकला. खालून कागदाचं टोक बाहेर आलं. आणि मी उचलली गेल्यामुळे मागचा पंप त्याला समोर दिसला.

पंप त्याने लगेच ओळखला. मला त्याने टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर, कशीबशी ठेवली. मी पडले नाही हे नशीब. त्याने कागद उघडला. वाचला. परत वाचला. त्याचा चेहरा त्याने आणलेल्या काचेसारखा झाला, आरपार, रंग नसलेला.

"काका!" तो ओरडला. "बाईंना बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

बाई धावत आल्या, हातात खडू तसाच.

"बाई, हा अल्फा कोण?"

"काय?"

"अल्फा! कोण आहे हा पोरगा? कोणत्या वर्गातला? राहतो कुठे? माझी मुलगी त्याच्यासारखं करायला निघाली आहे!" त्याने कागद बाईंपुढे धरला. बाईंनी तो हातात घेतला. त्या मोठ्याने वाचत गेल्या, आणि प्रत्येक शब्दागणिक त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"बाई, मी अल्फासारखं करते आहे. आमच्या घरी पण कुरबुर असते आणि ती माझ्याशी येऊन थांबते. मी गेले की आई-बाबा शांत होतील. मला राग आलेला नाही. मी चारच वस्तू घेतल्या आहेत. पंप पाचवा होत होता म्हणून पेटीच्या मागे ठेवला. तो दुसऱ्या कोणाला लागला तर द्या."

बाई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

"सांगा ना, कोण तो?" काचवाला म्हणाला.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "तो कोणी नाहीच आहे, दादा. मी त्याला कोणीतरी केलं."

मी इतकी वर्षं बाईंचा आवाज ऐकत आले, पण असा कधी ऐकला नव्हता.  मग काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

"वर!" ते म्हणाले. "मी तिला म्हटलं होतं, वर जातो. वर दुसरं घर मिळतं. माझ्याच तोंडाने म्हटलं. वर कोण आहे तुमचं?"

"वर?" काचवाला पुटपुटला. "टेकडीवर तिची मावशी... पण त्या पायऱ्या दोनशेच्या वर आहेत. तिला वीस चढवत नाहीत!"

त्याने पंप मुठीत घेतला आणि पळाला. काका मागोमाग. बाई भिंतीला धरून उठल्या आणि रुग्णालयात फोन करायला गेल्या. टेबलावर मी, माझ्याशेजारी नवी काच आणि धुळीत पंपाच्या आकाराची एक स्वच्छ जागा. मी त्या जागेकडे बघत राहिले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकांनी नंतर इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखं झालंय. मुंगी अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर सापडली. पायऱ्या झाडणाऱ्या एका बाईने तिला मांडीला टेकवून बसवलं होतं, फ्रॉकची वरची बटणं सोडली होती आणि झाडूच्या पाठीने वारा घालत होती. मुंगीचे ओठ जांभळे पडले होते. छातीतून शीळ वाजत होती. पिशवी मात्र तिने सोडली नव्हती. काचवाल्याने तिच्या तोंडाला पंप लावला. एकदा. दोनदा. मग थांबून परत. काका म्हणतात, तिने पहिला पुरता श्वास घेतला तेव्हा तो गडी पायरीवरच लहान पोरासारखा रडायला लागला. आणि ती झाडणारी बाई त्याच्यावर खेकसली, "रडताय काय? पोरीला उचला आधी! आणि एवढंसं लेकरू पंपाशिवाय सोडता कसं हो तुम्ही?"

आईने रुग्णालयात तिला तपासून घेतलं. दुपारपर्यंत श्वास ठीक झाला. पण मुंगी घरी जायला तयार होईना. नुसतं मान हलवत राहिली. "मी आले की परत सुरू होईल," एवढंच म्हणे. तेव्हा बाईंनी निरोप पाठवला, तिला शाळेत आणा, प्रयोगशाळेत.

ते आले. आई गणवेशातच होती, डोळे सुजलेले. काचवाल्याने माझ्या तड्यावर दोन्हीकडून चिकटपट्टी लावली. काकांनी बर्फ आणला. पडदे ओढले. मला आठवतंय, त्या वेळी माझ्याभोवती पाचच माणसं होती आणि चाळीस मुलांच्या वेळेपेक्षा जास्त गरम होत होतं.

बाईंनी जाळीचा तुकडा आत ठेवला. थोड्या वेळाने जाड, आखूड रेघा फुटायला लागल्या.

"मुंगे, मी तुला खोटं सांगितलं," बाई म्हणाल्या. "चुकून नाही. सोपं पडतं म्हणून सांगितलं. आता तूच बघ. याला हाक मार. थांब म्हण."

मुंगीने आधी आईकडे पाहिलं. मग काचेला नाक लावून म्हणाली, "थांब." रेघ फुटली. "थांब ना! जाऊ नकोस!" दुसरी फुटली. ती मोठ्याने ओरडली. तिसरी, चौथी.

"ऐकत नाही," ती म्हणाली.

"त्याला ऐकूच येत नाही. त्याला राग नाही, शहाणपण नाही. तो कोणासाठी जात नाही. तो आत्ता का गेला आणि शेजारचा का नाही गेला, हे जगात कोणालाच सांगता येत नाही. बाळा, त्याचं काही ठरलेलंच नसतं."

काचवाला जवळ सरकला. "बाई, तो गेल्यावर मागे काय होतं?"

"थोरियमचं रेडियम होतं," काका म्हणाले. "तेही टिकत नाही. त्याचंही पुढे तुटतच राहतं."

"बघ!" काचवाला एकदम म्हणाला. "ऐकलंस ना मुंगे? शांत होत नाहीच मुळी! उलट सगळं घर—"

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी हात वर केला. "दादा, हात जोडते, आता तेही नको. ही गोष्ट गोड आहे, पण आहे गोष्टच. अणूला तुमच्या घरातलं काही माहीत नाही. घराचं घरातल्या माणसांना विचारायचं. मुंगे, ती बघ समोर उभी आहेत. त्यांना ऐकू येतं."

 माझ्यात रेघा उमटत होत्या, विरत होत्या.

"तुम्ही माझ्यामुळे भांडता?" मुंगीने विचारलं.

 आई म्हणाली, "तुला दम लागला की मी घाबरते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं बघते, तेव्हा नाही घाबरत. तुझ्या वेळी घाबरते. आणि घाबरले की तुझ्या बाबांवर ओरडते."

"आणि मी घाबरलो की गप्प बसतो," काचवाला म्हणाला. "मी गप्प बसलो की ती आणखी ओरडते."

"मग तुम्ही दगडासारखे बसता! माणसाने बोलू नये?"

"बोललो तरी ओरडतेस!"

"आता इथे?" काका म्हणाले.

मुंगी फिस्सकन हसली. दम्याची शीळ अजून होती त्या हसण्यात. आईने तिला जवळ ओढलं, इतकं घट्ट की पिशवी खाली पडली आणि चारही वस्तू जमिनीवर पसरल्या.

"तू नसलीस तर शांत कसलं गं," आई म्हणाली. "मेलोच असतो आम्ही."

"मग भांडू नका."

"भांडू," आई म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण भांडण झालं की तू आम्हाला हेच विचारायचं. आम्हाला. पेटीला नाही."

काचवाल्याने दुसऱ्या दिवशी येऊन माझी नवी काच बसवली. बाजूच्या बाकीच्या तीन काचा जुन्या, किंचित हिरवट. ही एकच अगदी पांढरी. तिच्या खालच्या कोपऱ्यात त्याने पेन्सिलीने मारलेली खूण अजून आहे. पुसायची राहून गेली, की मुद्दाम ठेवली, कोण जाणे.

बाईंनी गोष्टी सांगणं सोडलं असेल असं तुम्हाला वाटेल. महिनाभर सोडलं होतं. वर्ग सुतकात असल्यासारखा बसायचा. मग मुंगीच म्हणाली, "बाई, सांगा ना. आम्ही पकडू." तेव्हापासून त्या वर्गाची एक रीत पडली. बाई गोष्ट सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "यात खोटं काय?" मुलं ताठ बसून ऐकायची. इलेक्ट्रॉन घाबरला म्हटलं रे म्हटलं की वीस हात वर. "बाई, त्याला भीती कुठे असते?" "बरोबर. मग रेघ वाकडी का?" "हलका आहे म्हणून, बाई! धक्के लागतात!" पहिल्यापेक्षा जास्त लक्षात राहायला लागलं. काकांनी त्या वर्षी एकही नळी फोडली नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या, काकाही गेले. भिंतीवर मोठा पडदा आला आणि कण पडद्यावर रंगीत दिसायला लागले. त्यांना डोळे आणि तोंडं काढलेली असतात असं मी ऐकते. मला कपाटाच्या माथ्यावर चढवलं. माझं लोकरी कापड वाळून कडक झालं. पत्र्यावरचा काळा रंग पोपडे धरतोय. कधी कोणी खाली उतरवलं तर स्पिरिट पाजा आणि खाली बर्फ ठेवा, मी अजून रेघा दाखवीन. काच पुसायची असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, आणि कोपऱ्यातली पेन्सिलीची खूण तेवढी राहू द्या.

पण मित्रांनो, मला एक विचारायचं आहे. मी पहिल्याच वाक्यात म्हणाले, मला धक्का बसला. नंतर म्हणाले, मला ओरडायचं होतं. मी काच आहे. तीन जुन्या, एक नवी. मला धक्का कसा बसेल? मुंगी गेली त्या सकाळी टेबलावर कोणालाच काही वाटत नव्हतं, म्हणून तर पंप दोन तास तिथे पडून राहिला. आणि यात खोटं काय, हे सांगायला तुमच्यापैकी एकानेही हात वर केला नाही!

आता करा. आणि खाली घेण्याआधी शेजारच्या बाकाकडे बघा. तिथे कोणी गप्प बसलं असेल, कोपऱ्यात जाऊन लपून श्वास घेत असेल, तर त्याला विचारा. त्याला ऐकू येतं.